सातांची फिरती, एकीचा हात

"मंगळवारी मले पाचच किलोमीटर चालवलं बाईनं. अन् त्या रईसले बारा! काऊन, माहे पाय का लाकडाचे हायेत?"

गुणवंतरावांना वाटत होतं आपण हळू बोलतोय. पण फायलींचं कपाट आणि नाहीदची खुर्ची यांच्यात जेमतेम हातभर जागा, आणि ते कुरकुरत होते कपाटाला टेकूनच. नाहीदनं पेन थांबवलं नाही. खरं बघायला गेलं तर मंगळवारी गुणवंतराव मेव्हण्याच्या नव्या स्लॅबवर पाणी मारत होते. जिन्याची चढउतर धरली तरी पाच किलोमीटर भरत नव्हते.

"सात करू का, भाऊ?" तिनं मागे न बघता विचारलं.

"नऊ कर ना वो. आज मोठे साहेब येऊन राह्यले."

तिनं नऊ केले.

आलापल्लीच्या रस्त्यावरचं वनखात्याचं हे लहानसं ऑफिस. जंगलाचे आठ तुकडे, म्हणजे आठ बीट. एकेका बीटला एकेक वनरक्षक. त्यानं रोज फिरायचं, काय दिसलं ते डायरीत लिहायचं आणि सोमवारी डायरी रेंजर साहेबांच्या टेबलावर ठेवायची. एवढा साधा कायदा. इथं फक्त फिरायचे ते कोणी फिरत नव्हते आणि लिहायची ती एकटी नाहीद.

तीही वनरक्षकच होती. चार तासांत सोळा किलोमीटर चालून भरतीत आलेली. अहेरीत तिच्या अब्बांचं, वहाबभाईंचं, शिलाईचं दुकान. पोरीचा खाकी ड्रेस त्यांनी स्वतः शिवला आणि खिसे मोठे ठेवले, जंगलात लागतात म्हणून. तीन वर्षं झाली, त्या खिशांत ऑफिसच्या कपाटाच्या किल्ल्या वाजत होत्या.

डायऱ्यांचं दुखणं तिनंच ओढवून घेतलं होतं. रुजू झाली त्या आठवड्यात जुने वनरक्षक सुकलूभाऊ समोर आले. ओंडक्याखाली सापडून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेचलेली. "बाई, एवढं लिहून देनं वो," म्हणाले. तिला वाईट वाटलं. तेव्हा सुकलूभाऊ खरंच फिरायचे आणि सांगायचेही असे की जंगल टेबलावर उतरावं. अस्वलानं वारूळ कुठं उकरलं, माती अजून ओली होती का, नाल्याचं पाणी कुठं तुटलं. ती ऐकत राहायची, लिहीत राहायची. मग गुणवंतराव म्हणाले, "माहीबी लिहून दे." मग बाकीचे. या लोकांकडे सांगायला काही नसायचं, तेव्हा तिनं सुकलूभाऊंचंच जंगल थोडं थोडं सगळ्यांना वाटून टाकलं. एकाला वाघाचा माग, एकाला सांबराची शिंगं. भाजी कमी पडल्यावर बाया रस्सा वाढवतात तसं. पुढं सुकलूभाऊंचे गुडघे गेले, आणि रस्साच रस्सा उरला.

बोडीटोल्याची बीट रिकामी होती. तिथला वनरक्षक बिरजू रिटायर होऊन चार महिने झाले होते. त्या बीटसाठी नाहीदनं तीन अर्ज केले. पहिल्यावर रेंजर साहेब म्हणाले, तिथं क्वार्टर नाही. दुसऱ्यावर म्हणाले, वाघ आहे. "वाघ गुणवंतरावले नाई खात का, साहेब?" असं तिनं विचारलं, तर ते नुसते हसले. तिसऱ्यावर म्हणाले, घरचे काय म्हणतील? घरी तर अम्मी, शमसुन्निसा, दर रविवारी ताटावर बसता बसता एकच विचारायची, "बीट मिली क्या?" आणि तिच्या मागून वर्षानं आलेल्या रईसला आठ दिवसांत बीट मिळाली होती.

आज मोठे साहेब, उपविभागाचे, बोडीटोल्याचं नक्की करणार होते. आज झालं नाही, तर भरतीतला नवा पोरगा येणार आणि पुढची बीट रिकामी व्हायला पाच-सहा वर्षं जाणार.

साहेब आले. चहा झाला. तो नाहीदनंच सांगून आणवला, तेही तिचंच काम होतं. डायऱ्या पुढं सरकवल्या गेल्या. साहेबांनी वरचीच उघडली.

"'पिपरनाल्याकाठी अस्वलानं वारूळ उकरलेलं. माती ओली, म्हणजे पहाटेचं.' वा! कोण हे गुणवंतराव? याला म्हणतात फिरती."

गुणवंतरावांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

मग साहेबांनी नाहीदची डायरी घेतली. पानं उलटली. पुन्हा उलटली. "कार्यालयीन काम. कार्यालयीन काम. कार्यालयीन काम. बाई, तीन वर्षांत तुम्ही जंगल पाहिलं तरी आहे का?"

सातांच्या नावानं खोटं लिहिताना तिचा हात कधी अडला नव्हता. स्वतःच्या वहीत मात्र खोटं लिहायचं तिला सुचलंच नव्हतं. दोन्ही वह्या टेबलावर एकमेकींना लागून उघड्या पडल्या होत्या. शाई तीच, वळण तेच, 'ळ'ची लांब शेपटीसुद्धा तीच. साहेबांना दिसत नव्हतं, की दिसूनही बघायचं नव्हतं, देव जाणे.

"बीट दिल्याशिवाय फिरती कुठून लिहू, साहेब?" ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"मुलगी हुशार आहे, साहेब," रेंजर साहेब घाईनं म्हणाले. "तिच्याशिवाय ऑफिसचं पान हलत नाही. आम्ही तिला घरच्यासारखीच समजतो. म्हणून तर..."

"तिथी वाघ हाय, साहेब," गुणवंतराव म्हणाले. "बाईमाणूस."

"क्वार्टरले छप्पर बी नाई," रईस पुटपुटला.

किती काळजी! नाहीदला वाटलं, आता बोलावं. पण बोलायचं तर स्वतःचा हात आधी पुढं करावा लागत होता. वर समोर बसलेली ही सगळी माणसं रोज तिच्या डब्यातलं लोणचं मागून खाणारी. ती चहाचे रिकामे कप गोळा करायला लागली. मोठ्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "ठीक आहे. नवा पोरगा पाठवतो."

खुर्ची सरकली. सुकलूभाऊ उठले होते. टोपी त्या चेचलेल्या बोटांत धरलेली.

"साहेब, त्या वाघाले काऊन बदनाम करता?"

"सुकलू, बस खाली," रेंजर साहेब म्हणाले.

"बसतो ना, साहेब. दोन वर्सं बसूनच हावो." ते मोठ्या साहेबांकडे वळले. "हे बाई बीटवर गेली, तं आमच्या डायऱ्या कोण लिहन? सातही तिच्याच हातच्या हायेत, पाहून घ्या. अन् थो अस्वल माहा हाय, तीन वर्साआधीचा. आमच्यातला एकबी मानूस जंगलात जात नाई, साहेब. म्हनून हिले जाऊ देत नाई."