हात वर करण्याआधी

त्या घरात सगळं मतदानाने ठरायचं. वडील छापखान्यात कामगार संघटनेचे चिटणीस. साहेबाची मनमानी त्यांनी इतकी सोसली होती की आपल्या घरात हुकूम सोडायचा नाही, हे त्यांनी संसार मांडतानाच ठरवलं होतं. भिंतीला रंग कोणता, सुट्टीत जायचं कुठे, सारं जेवणाच्या टेबलाशी हात वर करून ठरे. शेजारीपाजारी कौतुक करत.

धाकटी लेक परिचारिका झाली आणि तिला डोंगरातल्या एका लहानशा दवाखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं. तिथल्या वस्त्यांवर बाळंतपण करणारं दुसरं कुणी नव्हतं. तिला नेमकं हेच काम हवं होतं. आई काळजीने अर्धी झाली. थोरला मुलगा म्हणाला, शहरात काय दवाखान्यांचा दुष्काळ पडलाय? वडिलांनी रीतसर विषय मताला टाकला. जाऊ नये म्हणून तीन हात वर गेले. जावं म्हणून एक.

"बाळ, संघटनेत मीही कितीदा हरलोय," वडील मायेने म्हणाले. "बहुमतापुढे मान तुकवावी लागते."

तिने मान तुकवली. हरलेल्याने रुसायचं नाही हा घरचा नियम, म्हणून ती रुसलीही नाही. फक्त विचारलं तेवढंच बोलू लागली.

काही दिवसांनी आत्या राहायला आली. ती कोर्टात लघुलेखक होती. जन्मभर दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय. भाचीचा चेहरा पाहून तिने तिच्याकडून सारं काढून घेतलं आणि जेवताना अगदी गंभीरपणे ठराव मांडला, की दादाने मिशी काढून टाकावी.

आईचा हात सर्वांत आधी वर गेला. मग थोरल्याचा. धाकटीनेही गालात हसत हात उचलला.

"हा काय चावटपणा?" वडील मिशी झाकत म्हणाले. "मिशी माझी. तुमची मतं कशाला?"

"आणि तिचं आयुष्य कुणाचं रे, दादा?"

वडिलांचा हात मिशीवरून खाली आला. आत्याचा आवाज मऊ झाला. "भिंतीचा रंग सगळ्यांचा, त्यावर खुशाल मतं घे. तिथेही जो नेहमी हरतो, त्याला कधीतरी पाळी द्यावी. पण चुकलं तर जिला निस्तरायचं, तो निर्णय तिचाच. तिथे सल्ला द्यावा, काळजी बोलून दाखवावी आणि हात खाली ठेवावेत."

तेव्हा आई हळूच म्हणाली, की सुट्टीत दरवर्षी तिला स्वतःला समुद्रावर जायचं असायचं. एकटी पडू नये म्हणून ती बाकीच्यांबरोबर हात वर करत आली.

वडिलांचा घास हातातच राहिला. "साहेब नको म्हणून मी घरात तीन साहेब बसवले," ते म्हणाले. मग लेकीकडे वळले. "हा विषय मताला टाकायचा मला हक्कच नव्हता. तुला वाटेल ते कर. भीती मला वाटते, ती माझी मी बघेन."

धाकटी डोंगरात गेली. थोरल्याने तिची ट्रंक दवाखान्याच्या दारापर्यंत वाहून नेली. त्या सुट्टीत, आईच्या पाळीने, सगळे समुद्रावर गेले. वडील वाळूला नावं ठेवत राहिले आणि आईचा हात धरून लाटांत उभेही राहिले.

मंडळी, बहुमताशिवाय चारचौघांचा गाडा चालत नाही, हे खरंच. पण हात मोजण्याआधी एकदा विचारू या, ही गोष्ट मुळात कुणाची? घर असो की देश, एकट्या माणसाला जिथे आपलं मन मारावं लागत नाही, तिथेच सगळे मोकळे असतात.