जप्त केलेला कर्णा

लवायनाने पत्र्याचा कर्णा ओठांना लावला तेव्हा तिच्या मनात एकच काळजी होती, रस्सा गार होतोय. लग्न झाल्यापासून हेन्ड्रिकला शेतातून जेवायला बोलवायचं ते हाच कर्णा फुंकून. हात सवयीने खुंटीकडे गेला, आणि दणदणीत फुंकून झाल्यावर तिला आठवलं. अगं बाई! कर्णा आता जेवणाचा राहिला नव्हता!

जहागीरदाराला खंड द्यायचा नाही असं डेलावेअर खोऱ्यातल्या कुळांनी ठरवलं, तेव्हापासून कर्णा वाजला की समजायचं, शेरीफची माणसं आली, धावा. आणि धावले की सगळे! बघता बघता चाळीस दांडगे बाप्ये तिच्या अंगणात. ओळखू येऊ नये म्हणून अंगात बायकांचे छिटाचे झगे, तोंडाला मेंढीच्या कातड्याचे मुखवटे. शेरीफ नाही पण रस्सा आहे, हे कळल्यावर त्यांनी झगे वर खोचले आणि पातेलं पुसून खाल्लं. मग त्यांना राग आला. बाप्यांचं असंच असतं, आधी पोट, मग राग.

"मुखवटा घालून जमलं तर यंदापासून तुरुंग आहे, माहितीये ना?" त्यांचा म्होरक्या कोबसकाका गरजला. "तुझ्या रश्शापायी आम्ही आत जायचं?"

"मग खाल्लात कशाला?"

"पुढ्यात आलं म्हणून!"

कर्णा कोबसकाकाने जप्त केला. यापुढे जेवायला बोलवायचं तर कुंपणावर पांढरी चादर टाकायची, असा हुकूम. हेन्ड्रिक आपल्या बुटांकडे बघत उभा राहिला, बायकोच्या बाजूने एक शब्द बोलला नाही मेला. लवायनाला कर्णा गेल्याचं फार वाटलं नाही, याचं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात लवायना-हेन्ड्रिकची गवतकापणी निघाली. कापणीला सगळं खोरं एकमेकांकडे राबायचं आणि ज्याचं कुरण त्याने जेवू घालायचं. बाप्ये टेकडीमागच्या कुरणात विळे चालवत होते, मोठ्या पातेल्यात कोंबडी रटरटत होती, तेवढ्यात फाटकाशी घोडे थांबले. शेरीफचा डेप्युटी जेबेझ, आणि त्याच्याबरोबर टोबायस खाटीक.

"खंड थकला, लवायना. तुमची बैलजोडी लिलावाला काढायचा हुकूम आहे," जेबेझ म्हणाला. "हा टोबायस बोली लावेल."

लवायनाने गोठ्याकडे बघितलं. मेजर आणि लायन! आई मेलेली वासरं होती ती, तिने स्वतःच्या बोटांनी दूध चोखायला शिकवून वाढवलेली. ती जोडी गेली तर नांगर कोण ओढणार, आणि ती खाटकाच्या दारात उभी राहिलेली तिला बघवलं असतं का! नजर खुंटीकडे गेली. खुंटी रिकामी.

तिने टेबलावरची पांढरी चादर ओढली आणि कुंपणावर फेकली.

"हे काय?" जेबेझने विचारलं.

"जेवणाची वेळ झाली," ती म्हणाली. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते.

टेकडीवरून बाप्ये पळत सुटले. गेल्या वेळचा रस्सा कोण विसरलं होतं! घामाघूम, उघड्या तोंडाने, हातात घरून आणलेल्या ताटल्या घेऊन अंगणात शिरले आणि जेबेझला बघून जागीच थबकले.

"मेलो! मुखवटे घरी राहिले," कोबसकाका कुजबुजला. "पळा, घेऊन या!"

"कोणी हलायचं नाही," लवायना म्हणाली. "उघड्या तोंडाने जेवायला तुरुंग नाही, काका. बसा."

बसले सगळे. जेबेझ एकेका तोंडाकडे बघत होता, पकडायला एक मुखवटा सापडेना. टोबायसही बघत होता. ज्यांच्याकडून तो वर्षानुवर्षं वासरं घ्यायचा, ते सगळेच्या सगळे समोर बसून त्याला न्याहाळत होते.

"काय टोबायस, बरा आहेस ना?" हेन्ड्रिकने गोड विचारलं. "बोल की, किती देतोस माझ्या बैलांचे?"

टोबायसचं पोट दुखायला लागलं. खरंच दुखलं असेल म्हणा. जेबेझने तीनदा पुकारलं, पण खाटीक पोट धरून गप्पच. बोलीच नाही म्हटल्यावर लिलाव कसला! टोबायसने घोड्यावर टांग टाकली.

कापणीच्या पंगतीतून कोणाला उपाशी घालवायची रीत नव्हती. लवायनाने जेबेझपुढेही ताटली ठेवली. त्याने दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली आणि सुस्कारा सोडला.

"अगदीच रिकाम्या हाताने कसा जाऊ गं? दरसाल खंडात द्यायच्या त्या चार लठ्ठ कोंबड्या तरी दे, साहेबांना दाखवायला."

"आणि आत्ता काय खाल्लंस?"

जेबेझने ताटलीतल्या हाडांकडे बघितलं. अंगण असं हसलं की गोठ्यात लायन हंबरला.

हसण्यात हेन्ड्रिक नव्हता. तो पळत कोबसकाकाच्या घरी गेला होता. कर्णा घेऊन आला, खुंटीला अडकवला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हा हिचा आहे. हिला वाटेल तेव्हा वाजेल."

लवायनाने तो काढला आणि तिथल्या तिथे, उगाचच, जोरात फुंकला.