दुसरे नाव : नाही

१९५७ साली कलेक्टर कचेरीतून आलेल्या एका पत्राला मी तेवीस दिवस उत्तर दिले नाही. तसा मी पत्रे अडवून ठेवणारा माणूस नाही. अडतीस वर्षे मास्तरकी केली, आणि शाळाखात्याच्या प्रत्येक कागदाला त्याच संध्याकाळी पोच दिली. हे पत्र मात्र वाचले, घडी घातली आणि कपाटातल्या शब्दकोशात ठेवून दिले. तो कोश मी रोज उघडत असे. त्यानंतर अडलेला शब्द अडलेलाच राहू देऊ लागलो.

माझे घर चिंचवडला. तिथून चालत अर्ध्या-पाऊण तासावर पिंपरीचा कॅम्प. फाळणीत सिंध सोडून आलेली माणसे तिथे लष्कराच्या जुन्या बराकींत राहत होती. लवकर आलेल्यांची नोंद झाली होती. उशिरा आलेल्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागे, आणि अर्ज इंग्रजीत. पेन्शनीत निघाल्यावर मी दर रविवारी एका बराकीच्या ओट्यावर बसून ते अर्ज भरून देऊ लागलो. फुकट. त्यात परोपकार किती आणि फुकटच्या कामात चूक झाली तर कोणी रागावणार नाही हा भित्रेपणा किती, हे मला आजही सांगता येत नाही.

पोपटीबाईचा अर्ज मीच भरला होता, खाली लिहिणार म्हणून सहीही माझीच होती. चाळिशीची विधवा, मूलबाळ नाही. नवरा सिंधमध्ये शिकारपुरात वारला, तेव्हा ती पाकिस्तानच्या पासपोर्टवर भाऊ वाधूमल याच्याकडे कॅम्पात आली आणि पापड लाटून राहू लागली. तिला इथे राहण्याची मुदत मार्चअखेरपर्यंत होती. तोवर नागरिकत्व मिळाले नाही तर परत जायचे. शिकारपुरात तिच्या घराला आता दुसऱ्याचे कुलूप होते.

अर्जात एक रकाना होता : याखेरीज दुसरे कोणते नाव असल्यास. मी तिला विचारले, "दुसरं नाव काही?"

"नहीं मास्टरजी. एकच."

मी 'नाही' लिहिले आणि पुढच्या रकान्याकडे गेलो.

कचेरीच्या पत्रात त्या 'नाही'खाली तांबडी रेघ होती. वाधूमलने अठ्ठेचाळीस साली कॅम्पाच्या नोंदवहीत घरची माणसे लिहवली होती, त्यात सिंधमध्ये राहिलेली एकच बहीण होती, आणि तिचे नाव होते सती. पोपटी नावाची बहीण त्याला नव्हतीच. तेव्हा ही बाई कोण? अर्जदाराने आपणास खोटी माहिती दिली असल्यास तसे कळवावे. नसल्यास, असे अर्ज आपण कोणत्या अधिकाराने भरता याचा खुलासा महिन्याच्या आत करावा.

तेविसाव्या दिवशी दुपारी रंगराव आला. देहूचा, माझा जुना विद्यार्थी, त्याच कचेरीत कारकून. कोट न काढताच बसला.

"मास्तर, उत्तर कुठाय?"

"विचार करतोय."

"विचार काय करायचाय त्यात? दोन ओळी लिहा. बाईंनी एकच नाव सांगितलं, मी तेच लिहिलं. झालं. तुम्ही सुटलात."

"आणि ती?"

रंगरावाने पायांकडे पाहिले. "तिचा अर्ज नामंजूर होणारच आहे, मास्तर. तुम्ही कशाला सोबत जाता? साहेब तुमच्या पेन्शनीचं कोणतं खातं ते विचारत होते. मी बोललो नाही काही. पण विचारत होते."

खरे सांगायचे तर त्या दोन ओळी मी मनात लिहायला घेतल्यासुद्धा होत्या. खोटे काहीच नव्हते त्यात. तिने एकच नाव सांगितले होते.

इंदुताई, माझी बायको, चहा घेऊन आली. तिने सगळे ऐकलेले दिसत होते.

"रंगराव, तुमच्या मंडळींचं नाव काय हो?"

"सुभद्रा. तुम्हाला ठाऊक नाही का काकू? लग्नाला आला होतात की."

"आले होते. तुम्ही ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलंत, तेव्हा शेजारीच होते. त्याआधीचं काय?"

"आधीचं..." रंगराव हसला. "अकरा वर्षं झाली काकू. ते कोण लक्षात ठेवतंय!"

"म्हणजे सुभद्रा तुमच्या सासऱ्यांची मुलगीच नव्हे. त्यांच्या घरी त्या नावाची कोणी जन्मलीच नाही. मग तुमच्या घरात नांदतेय ती कोण?"

रंगराव चहा प्यायचा थांबला. आळंदीजवळ चऱ्होलीला, माझ्या सासऱ्यांच्या अंगणात, मीही तांदळावर 'इंदिरा' असे वळणदार अक्षरात लिहिले होते. ती त्याआधी चौदा वर्षे द्वारका होती. एवढे घरात असून मी एका परक्या बाईला विचारले, दुसरे नाव काही, आणि तिच्या एका शब्दावर विश्वास ठेवून मोकळा झालो.

"मी हे ओळखायला हवं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही मला विचारलं असतंत तर मीही 'नाही'च म्हटलं असतं," ती म्हणाली. "सासरी कोणी ते नाव सांगतं का? आता उद्या सकाळी मला कॅम्पात न्या."

सकाळी पोपटीबाई ओट्यावर पापड वाळत घालत होती. सिंधी रीतीप्रमाणे तिने आधी पाणी आणि भाजलेला पापड समोर ठेवला. मी पत्र वाचून दाखवले. ती खाली बसली.

"सती मीच," ती म्हणाली. "शादीमध्ये ब्राह्मणानं पत्रिका बघून पोपटी केलं. सती मायके में राहिली. नंतर तिला कोण बोलावणार?"

"माझी चूक झाली. मी नीट विचारलं नाही."

"मास्टरजी, तुम्ही लिहून टाका, बाई झूठ बोलली. मला तर जायचंच आहे. तुम्हाला का तकलीफ?"

"मी तसं लिहिणार नाही," मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या बराकीतल्या बायका बाहेर आल्या. मला संकोच वाटला, पण शब्द मागे घेतला नाही.

इंदुताईने माझ्या पिशवीतून टाक-दौत आणि कोरा कागद काढला, ओट्यावर पसरला आणि वर स्वतःच्या हाताने लिहिले : माहेरची द्वारका, सासरची इंदिरा. खाली सही. मग तिने टाक पोपटीबाईकडे दिला. पोपटीबाईने किती तरी वेळ टाक नुसता धरला. शेवटी तिने आपल्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, दोन्ही नावे लिहिली.

बराकीतल्या बायका आधी हसल्या. एकीने पदर तोंडावर घेतला, "सासू जिवंत आहे अजून," म्हणाली. सासू मागेच उभी होती. ती पुढे झाली, आपले आधीचे नाव मोठ्याने सांगितले आणि सुनेला म्हणाली, "लिख!" त्यानंतर रांग लागली. कोणी सही केली, कोणी अंगठा.

निघोज्याहून भाजी घेऊन येणाऱ्या आक्काबाईने पाटी खाली ठेवली. "काय वाटतायसा?"

मी सांगितले.

"मंग माजं बी लिवा. म्हायेरची ठकू, सासरची आक्का. अंगठा कुटं द्यायचा?"

"आक्काबाई, हे निर्वासित बायकांसाठी आहे."

"आन मी कोन? मी बी आले की घर सोडून, नाव सोडून. वरातीत आले येवढंच. लिवा मुकाट."

मी मुकाट लिहिले. दुपारपर्यंत त्रेचाळीस बायका झाल्या. वाधूमलने सती ही आपली सख्खी बहीण असून तीच पोपटी, असे वेगळे लिहून दिले.

घरी येऊन उत्तर लिहायला बसलो. पहिला मसुदा फाडला. त्यात मी चार वेळा माफी मागितली होती. दुसराही फाडला. तिसरा असा झाला :

'बाईंनी खोटे सांगितलेले नाही. अपुरे विचारले ते मी. चूक माझी आहे आणि ती माझ्या नावावर लिहावी. लग्नात नाव बदललेली स्त्री तोतया ठरत असेल तर सोबतच्या त्रेचाळीस जणींचीही चौकशी व्हावी. त्यात पहिली माझी पत्नी आहे. आपल्या घरीही एकदा विचारून पाहावे. अर्ज मी कोणत्या अधिकाराने भरतो, असे आपण विचारता. मला लिहिता येते आणि त्यांना ती भाषा येत नाही, याखेरीज मला अधिकार नाही. येत्या रविवारी मी त्याच ओट्यावर बसणार आहे.'

शेवटी हात सवयीने 'आपला आज्ञाधारक सेवक' लिहायला वळला. अडतीस वर्षे तो तसाच वळत आला होता. मी नुसते नाव लिहिले.

रंगराव त्या दिवशी पुन्हा आला, उभ्यानेच वाचले आणि म्हणाला, "मास्तर, शेवटून चौथं वाक्य काढा. साहेब भडकतील."

"आपल्या घरी विचारा, ते?"

"तेच."

मी वाक्य पुन्हा वाचले. काढावे असे मला वाटले. मला नेहमीच वाटते.

"राहू दे," मी म्हणालो.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या माणसाने जाडजूड पाकीट हातात तोलून पाहिले. "मास्तर, एवढं काय लिहिलंत? साधं टाकू?"

"रजिस्टर," मी म्हणालो. "पोच हवी."

त्याने शिक्का मारला आणि पाकीट पुण्याच्या थैलीत टाकले.