काम हाय

प्राध्यापक भोजराजांनी मारुतीच्या पारावर सतरंजी अंथरली, धाकट्या भावाच्या झांजा कडेला ठेवल्या आणि पोरांची वाट पाहत बसले.

भाऊ गोपीचंद उन्हाळ्यात गेला. तेव्हापासून सानगडीचं भजनमंडळ मुकं झालं होतं. येत्या एकादशीला कीर्तन होतं आणि बुवांच्या मागे उभं राहून ध्रुवपद झेलायला कोणी नव्हतं. बुवा पुढे असतो, पण देव कान देतो तो मागच्यांना, असं गाव मानायचं.

"पोरं कशी जमवाची, थेच तं शिकवून राहिला ना तू नागपुरात," आई, चंद्रभागाबाई, सकाळी म्हणाली होती. "मंग येवढं मंडळ राख. गोपीचं तेवढंच उरलं हाय."

युवककार्य हाच त्यांचा विषय. अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी खेड्यांतल्या तरुणांवर प्रबंध पुरा केला, त्यालाही चार वर्षं झाली होती.

पोरं आली, सतरंजीच्या कडेकडेनं बसली. भोजराजांनी गावोगावी करत तशीच मायेनं सुरुवात केली.

"रिकाम्या वेळात तुम्ही काय करता?"

पोरांच्या माना खाली गेल्या. मृदंग वाजवणारा भय्याजी उठला.

"आमी रिकामे नाही जी. घरी बाप रोज थेच म्हणते. आता तुमीबी म्हना."

"चाल रे रिकाम्या," मागून कोणी हसलं. चपला वाजल्या, पार ओस पडला.

घरी येऊन त्यांनी आईला सारं सांगितलं. तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला.

"गोपी असा नाही इचारे. दारोदार जाऊन म्हणे, काम हाय रे, चाला. कायचं काम, थे कोणी पुसे नाही. भजन कामच तं होय."

भोजराज उंबऱ्यावर बसून राहिले. दिवेलागण झाली. मग ते उठले, शेजारच्या भय्याजीच्या दारापुढे गेले, घसा खाकरला.

"काम हाय रे! चाला!"

दोघा भावांचा गळा बापावर गेलेला. हात पुसत बाहेर आलेला भय्याजी दारातच थबकला, मग पायांनी चपला चाचपू लागला.

मागून, भोजराजांच्या घरातून, आईची हाक आली, गोपी असताना रोज यायची तशी.

"दोन घास खाऊन जाय ना, गोपी."

भय्याजीनं नजर वळवली. भोजराज माघारी फिरले, दाराशी चपला काढल्या. जन्मभर ते तिला आई म्हणत आले होते. माय म्हणायचा तो गोपी.

"वाढ, माय," ते म्हणाले.