मधल्या गोळ्यापाशी

दादा वीज कंपनीत उंच तारांवर चढून दुरुस्ती करायचा आणि त्याची धाकटी बहीण इंजिनियरिंग कॉलेजात गणित शिकवायची. "आमच्या बाबांनी एकाला खांबावर चढवलं आणि एकीला डोक्यावर," असं तो येईल त्याला सांगायचा. तिला तो आकडेबाई म्हणायचा. ती दादा-वहिनीकडेच राहायची.

एका सुट्टीच्या दुपारी जेवताना दादा सहज म्हणाला, "नदीवरच्या तारेचा मधला गोळा वादळात फुटला होता ना, तिथे नवा बसवलाय. जुन्यासारखा मिळालाच नाही. बराच हलका आहे, पण लाल आहे. विमानाला काय, रंगाशी मतलब."

नदीच्या दोन काठांवर दोन मनोरे होते, त्यांच्यामध्ये ती तार, आणि विमानांना दिसावी म्हणून तिच्यावर सारख्या अंतरावर लाल गोळे. बहिणीचा घास हातातच राहिला. सारख्या वस्तूंच्या लांबलचक रांगेत एकच वेगळी निघाली तर कंपनाचं काय होतं, याच प्रश्नात तिची कित्येक वर्षं गेली होती.

"बाकीचे गोळे एकसारखे आहेत?"

"हो. का गं?"

"वाऱ्यानं तार थरथरते. सगळे गोळे सारखे असले तर ती थरथर टोकापर्यंत जाते आणि मनोऱ्यापाशी तुम्ही लावलेली वजनं ती जिरवतात. एक वेगळा असला, की काही थरथर त्याच्यापाशीच अडकून बसते. शेजारच्या गोळ्याशी निम्मीच उरते, त्याच्या पुढच्याशी त्याच्याही निम्मी. टोकाला काही कळतच नाही."

"म्हणजे नवरा-बायकोचं भांडण," वहिनी म्हणाली. "घर पेटलं तरी शेजारी पत्ता नाही."

दादा खो खो हसला. बहिणीला हसू आलं नाही. "तिथे तार आतून तुटत असेल, दादा."

दुसऱ्या दिवशी ती कंपनीत जाऊन मोठ्या साहेबांना भेटली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. मनोऱ्यांवरच्या यंत्रांनी नोंदवलेली रेघ जवळजवळ सरळ होती.

"बघा, तार शांत आहे."

"टोकं शांत आहेत, साहेब. मधलं इथे दिसणारच नाही."

"तुमचं हे उत्तर किती लांबीच्या तारेसाठी आहे?"

"अनंत."

साहेब हसले. "आमची नदीएवढीच आहे हो, मॅडम."

"मधल्या गोळ्यापासून टोकं इतकी लांब आहेत, की त्याच्या लेखी ती अनंतच."

"बरं. मग तुटणार कधी?"

गणित तार कुठे तुटेल ते सांगत होतं. कधी, ते त्यात नव्हतंच. "तार खाली उतरवून तपासा," एवढंच ती म्हणाली.

"त्यासाठी काही दिवस वीज बंद ठेवावी लागेल. शहराच्या पाण्याचे पंप याच तारेवर आहेत. तारेच्या पिळातल्या तुटलेल्या तंतूचा एक फोटो आणून द्या, त्याच दिवशी उतरवतो."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. पंपांचं म्हणणंही खरंच होतं.

फोटो काढायचा तर थोडा वेळ वीज बंद करून कोणीतरी तारेवरून चाकांवर सरकणाऱ्या पाळण्यात बसून नदीच्या मध्यावर जायला हवं होतं. दादानं स्वतःचं नाव दिलं.

"तू जाऊ नकोस," बहीण म्हणाली. "माझं बरोबर असेल तर तिथे कोणी जाताच कामा नये."

"आणि चूक असेल तर?"

"तर जायची गरजच नाही."

"वा! म्हणजे काहीही झालं तरी मी आपला घरीच." मग त्याचा आवाज उतरला. "साहेबांना फोटो पाहिजे. माझ्या बहिणीच्या गणितापायी दुसऱ्या कुणाच्या भावाला वर पाठवू?"

ठरल्या दिवशी सकाळी ती काठावर मुकादमाशेजारी उभी होती. वारा अगदी पडला होता. पाळणा एकेक गोळा ओलांडत बारीक होत गेला. मग मुकादमाच्या वायरलेसवर दादाचा आवाज आला.

"पोचलो. आकडेबाईला सांगा, तिचं बरोबर आहे. इथले तंतू तुटलेत, बोटानं उचलले जातायत."

तिनं मुकादमाच्या हातातला वायरलेस हिसकावला. "फोटो राहू दे! आधी मागे ये!"

"आलोच. एवढा एक..."

आवाज फारसा झालाच नाही. तार मधोमध सुटली, दोन्हीकडचे गोळे झपाट्यानं खाली आले आणि पाण्यात शिरले. दादाचा सुरक्षा-पट्टा त्याच तारेला अडकवलेला होता. होडीवाल्यांना दुपारी त्याचा देह सापडला.

चौकशीत ठरलं, की आधीच कमजोर झालेली तार पाळण्याच्या वजनानं तुटली. तार उतरवून तपासायला या बाईंनी सांगितलं होतं, हे साहेबांनी आपणहून कबूल केलं आणि राजीनामा दिला. कंपनीनं असे बदललेले गोळे असलेल्या साऱ्या तारा उतरवायचं ठरवलं आणि कुठली आधी उतरवायची ते विचारायला बहिणीला बोलावलं. ती गेली. त्यांतल्या दोन तारा आतून पार विरलेल्या निघाल्या.

ते सांगायला ती घरी आली तेव्हा वहिनी धुतलेले कपडे घडी करत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "वन्सं, एक विचारू? मुकादम सांगत होते, हे वरून म्हणाले, तुमचं बरोबर आहे म्हणून. तेव्हा तुम्हाला बरं वाटलं?"

बहिणीला खोटं बोलता आलं असतं.

"वाटलं. क्षणभर."

वहिनीनं हातातला टॉवेल घडी करून ठेवला. "त्यांनाही वाटलं असणार," ती म्हणाली. "आवाजात हसत होते म्हणे." मग कपडे तसेच टाकून ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. बहीण बाहेर बसून राहिली. आतून कसलाच आवाज येत नव्हता.