पाणताराचा कुत्रा

चित्रकथांच्या चाहत्यांचा एक विकी आहे. तिथे ‘पाणतारा’ या जुन्या नायिकेचं पान मी लिहिलं. आयुष्यात छापल्यासारखं दिसलेलं माझं एवढंच लिखाण. तिची शक्ती मी नोंदवली : पाण्यावर चालणं. ‘मोराकर’ नावाच्या कुणीतरी ती तीनदा खोडून लिहिलं : पाणी घट्ट करणं.

माझा संशय सुलेमानवर. तो मोरा बंदरातला, लाँच चालवणारा तांडेल होता आणि माझे पाणताराचे अंक आठ महिने त्याच्याकडेच आहेत. सकाळी मी विकीच्या चालकांकडे तक्रार केली : मोराकर खोडसाळ आहे, खातं बंद करा. मग नेहमीसारखी शंका आली, मोराकर नक्की तोच का, म्हणून बसने मोऱ्याला गेलो.

“हिरामणभाऊ! अंक न्यायला आलात काय?” सुलेमान म्हणाला.

“मोराकर कोण?” मी त्याच्या डोळ्यांकडे बघत विचारलं.

“आख्खा मोरा मोराकर! काय झालं?”

मी पानाचं सांगितलं. तो हसत सुटला. “मला फोनवर फोटो पाठवता येत नाय, आनि तुमी मला चोर केलात!”

हसणं मला खोटं वाटलं. तेवढ्यात त्याची बायको करिमुन्निसाभाभी चहा आणि तिसरा अंक घेऊन आल्या. पान चौदा उघडून माझ्यापुढे ठेवलं.

“पाणताराच्या मागे काय हाय?”

“कुत्रा.”

“पान्यावर चालतो ना? चालायची शक्ती तिची, मग तो बुडायला नको?”

मी चष्मा पुसला. न्हावा शेव्याला कस्टममध्ये एकतीस वर्षं मी पोरांना शिकवलं, खोक्यावरचं नाव वाचून माल सोडायचा नाही, खोकं उघडायचं. आणि इथे मी मुखपृष्ठ बघून शक्तीला नाव दिलं होतं. माणसालाही तसंच.

“भाभी, मोराकर तुम्ही?”

उत्तराऐवजी त्यांनी फोन दाखवला. खातं बंद. कारण : सभासदाची तक्रार.

“सकाळपासून विचार करते, तक्रार करनारा कोन मेला असेल,” त्या म्हणाल्या.

मी चहा बाजूला ठेवला. मी फोन काढून चालकांना लिहायला घेतलं : तक्रार चुकीची होती, ती मीच केली होती, मोराकर यांनी लिहिलेली शक्तीच बरोबर आहे, त्यांचं खातं उघडा. वाटल्यास माझं बंद करा.

भाभी माझ्या खांद्यावरून वाचत होत्या.

“कुत्रा लिवा,” त्या कोरडेपणाने म्हणाल्या. “पुरावा तोच हाय.”