लांगऱ्याची सलामी

"काय करतास आत? सगळा पाणी संपवतलास की काय?" शांता बाहेरून दार ठोठावत होती.

नळ मी मुद्दाम सोडून ठेवला होता. नव्या टॉवरमध्ये आमच्या मजल्यावरची माणसं आवाजाला फार कुरकुरतात. जुन्या बीडीडी चाळीत असतो तर सरळ गॅलरीत उभा राहून वाजवला असता, आणि अख्खा मजला ऐकायला बाहेर आला असता. आता मी बाथरूममध्ये, नळाच्या आवाजाच्या आडोशाने, बिगुल तोंडाला लावून उभा होतो. खालचे दोन सूर कसेबसे निघत होते. त्याच्या वर जायला ओठ आवळला की वरची कवळी सुटायची आणि सुराच्या जागी फुस्स करून हवा जायची. कवळी काढून पाहिली, तर ओठच आत गेला. मग खालचे सूरही निघेनात.

मी नळ बंद केला आणि कमोडवर बसून राहिलो.

"अहो," शांता दाराला तोंड लावून हळूच म्हणाली, "चार वाजता नेतले तेका. दोन घास खावन घेवा."

तेका म्हणजे रामूला. रामू परब, माझा लहानपणापासूनचा दोस्त, त्या दिवशी सकाळी चहा पिता पिता गेला. बातमी कळली तेव्हा मी रडलो नाही. आधी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि बिगुल काढला. चाळीतून इथे राहायला आल्यापासून तो फडक्यात गुंडाळलेलाच होता. मधल्या काळात माझे वरचे दात काढून झाले, कवळी बसली. दातांच्या डॉक्टरला मी चणे खाता येतील का, मटणाचं हाड चघळता येईल का, हे सगळं विचारलं होतं. बिगुल वाजवता येईल का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आयुष्यभर ज्या ओठांवर पगार घेतला, त्यांचाच मला विसर पडला.

आमच्यासारखा साधा शिपाई निवृत्तीनंतर म्हातारपणी मेला, तर पलटण काही सलामी द्यायला येत नाही. त्यात कोणाची चूक नाही, कुठे कुठे येणार? पण आमच्या भागात आम्हीच एक रीत पाडली होती. नायगाव, भोईवाडा, डिलाईल रोड, इथला कोणी फौजी गेला की उरलेले जुन्या टोप्या शोधून घालायचे, स्मशानात ओळीत उभे राहायचे आणि मी शेवटचा बिगुल वाजवायचो. कितीतरी जणांना मी असा निरोप दिला. आता आमची ओळ फारच आखूड झाली होती.

रामू आणि मी भरतीला एकत्रच गेलो होतो. दोघांचेही वडील गिरणीत. माझा दमसास बघून मला बिगुल दिला. रामू उंचीत कमी पडला, म्हणून त्याला लांगरी केलं. लांगरी म्हणजे कंपनीचा स्वयंपाकी. रामूला ते लागलं होतं. तरी तो चुलीपुढे बसला आणि अशी डाळ शिजवू लागला की दुसऱ्या कंपनीतले पंजाबी गडीही वाटी घेऊन यायचे. गावाहून आलेली आमसुलं तो डब्यात जपून ठेवायचा आणि सणासुदीला डाळीत दोन-दोन टाकायचा. एकदा त्याने सुका बांगडा भाजला. तो वास सुटला आणि साहेब, काहीतरी कुजलंय म्हणून, तंबू तपासत फिरले. बांगडा सापडला नाही. तो आमच्या पोटात होता.

बिगुलात पाचच सूर असतात. त्याला बटणं नाहीत, भोकं नाहीत, जे करायचं ते ओठांनी. उठायचं, जेवायचं, दिवे मालवायचे आणि मेलेल्याला निरोप द्यायचा, सगळं त्या पाच सुरांत. रामू भजनातला पखवाजी. सुट्टीवर आला की डबलबारीत, म्हणजे भजनांच्या सामन्यात, रात्र जागवणारा. त्याला हे पटायचंच नाही.

"पाच सुरांत अभंग बसाक काय झाला?" तो पातेलं पालथं घालून त्यावर ठेका धरायचा. "घे तू, मी सांभाळतंय."

मी प्रयत्न करायचो आणि अभंगाचं असं काही व्हायचं की सगळे हसून लोळायचे. रामू मात्र शेवटपर्यंत ठेका सोडायचा नाही.

महिन्यातून एकदा पलटणीत सिनेमा यायचा. मैदानात दोन बांबूंना पांढरी चादर बांधायची आणि पुढे सगळी पलटण. लांगरी मंडळी भांडी आवरून यायची तोवर पुढे जागा उरलेली नसायची. मग ती पडद्याच्या मागे बसायची. मागूनही चित्र दिसतं, फक्त उलटं दिसतं. रामूने नोकरीतले सगळे सिनेमे असेच पाहिले. निवृत्त झाल्यावर त्यातला एक लालबागच्या थेटरात परत लागला, म्हणून मी त्याला घेऊन गेलो. अर्ध्यातच तो माझ्या कानाला लागला.

"मनू, हो पिक्चर तो नाय. तो हिरो डावरो होतो."

मी त्याला समजावलं, की पलटणीत पडद्याच्या मागून बघायचास म्हणून तो डावखुरा दिसायचा. त्याने पडद्यावरचा हिरो पुन्हा नीट पाहून घेतला. मग म्हणाला, "म्हणजे मी सगळा उलट्याच बघितलंय." आम्ही बाहेर पडलो आणि भजी खाल्ली.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती त्याने स्वतः कधी कोणाला सांगितली नाही. आम्ही काही जण बर्फातल्या वरच्या चौकीवर होतो. खालचा रस्ता तोफांच्या माऱ्यात सापडला आणि रसद बंद झाली. बिस्किटं संपली, तेव्हा आम्ही बर्फ वितळवून त्यात साखर टाकून पीत होतो. एका पहाटे धुक्यातून एक बुटकं माणूस वर येताना दिसलं. पहाऱ्यावरच्या गड्याने बंदूक रोखली. तो रामू होता. पाठीवर डाळीचा डबा, पोटाशी कोटाच्या आत फडक्यात बांधलेल्या पुऱ्या. त्याला कोणी हुकूम दिला नव्हता. तोंड काळंनिळं पडलेलं, भुवयांवर बर्फ. डबा उतरवून त्याने झाकण काढलं, बोट घालून पाहिलं आणि कसनुसा चेहरा करून म्हणाला, "गार झाली रे."

त्या डाळीत आमसूल होतं. मी तोंड फिरवून जेवलो. इतरांनीही तेच केलं. पदक वगैरे काही मिळालं नाही. लांगरी जेवण घेऊन आला, त्यात कसलं पदक?

दोन वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला चाळीच्या पटांगणात माजी सैनिकांचा सत्कार होता. मला शाल दिली, आमच्यातल्याच जगदीश राणेला दिली. रामू धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. त्याचं नाव पुकारलंच नाही. मी विचारलं तर मंडळाचा एक जण म्हणाला, "परबकाका? ते तर आचारी होते ना?" माझं डोकं फिरलं. मी माझी शाल तिथेच खुर्चीवर टाकली. रामू म्हणाला, "गप रे, पोरांक काय कळता?" आणि घरी गेला.

संध्याकाळी कट्ट्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ नुसता मांडीवर बोटांनी ताल धरत होता.

"मनू, मी मेलंय तर माका वाजवतलंस मा?"

"न वाजवाक काय झाला?"

"नाय, मी लांगरी. म्हणान इचारलंय."

"मेल्या, तुका नाय तर कोणाक वाजवतलंय?" मी म्हटलं. तेव्हा माझे दात शाबूत होते.

तर तो दिवस आला आणि माझ्या बिगुलातून हवा जात होती. दुपारी जगदीश आला, डोक्यावर जुनी टोपी, अंगाला नॅप्थलिनचा वास. त्याला मी वाजवून दाखवलं. त्याने आधी माझ्याकडे आणि मग बिगुलाकडे पाहिलं.

"कवळीला चिकटवायची पावडर मिळते. आणू?"

तो पावडर घेऊन आला. तिने वरचा एक सूर वाढला. पुढचा काही केल्या निघेना.

"चल," जगदीश म्हणाला. "तिथे बघू. कधी कधी ऐन वेळेला येतं."

त्याला माहीत होतं की येत नाही. मलाही माहीत होतं.

रामूचं घर पलीकडच्या विंगमध्ये. बायको आधीच गेलेली, लेक मेघना आणि जावई वरद त्याच्याजवळच राहत होते. मेघना मला बघून उठली. माझ्या काखेतला बिगुल तिला दिसला आणि तिला रडू फुटलं.

"बाबा सारखे सांगायचे, मनूकाका. म्हणायचे, मला काही नको, फुलं नको, मनू वाजवणार आहे."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

वरदने मला बाजूला नेलं. मुलगा भला आहे, सासऱ्याचं त्याने शेवटपर्यंत मनापासून केलं. "काका, रागावू नका. शांताकाकू बोलल्या मला. ती धून नेटवर आहे, मी डाउनलोड केलीय. छोटा स्पीकर पण घेतलाय. म्हणजे, अडलंच तर."

मला राग आला. पण कोणावर काढणार? त्याने माझी अब्रू झाकायची सोय केली होती. मी नुसती मान हलवली.

भोईवाड्याच्या स्मशानात तात्या सावंत आधीच येऊन थांबले होते. तात्या सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आमच्यात सगळ्यांत मोठे. डिलाईल रोडवरून टॅक्सी करून आले होते. काठीशिवाय त्यांना चालवत नाही. कोटावर पदकं लावली होती आणि टोपी नीट तिरकी घातली होती. एका लांगऱ्यासाठी सुभेदार असा नटून आला, हे बघायला रामू हवा होता.

लाकडं रचून झाली. अग्नी मेघनाच देणार होती. भटजी बाजूला झाले, तेव्हा तात्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि जुना आवाज काढला, "सावधान!" स्मशानातली इतर माणसंही वळून पाहू लागली. तात्या आणि जगदीश शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांचे हात कपाळाशी गेले.

मी बिगुल उचलला.

पहिले सूर निघाले. कापरे होते, पण निघाले. मी छाती भरली आणि वर गेलो. कवळी सुटली. फुस्स. मी जिभेने ती परत दाबली आणि पुन्हा फुंकलं. पुन्हा हवाच. मागे कोणीतरी खोकलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं की वरदचा हात खिशाकडे गेलाय आणि मेघनाने त्याचं मनगट धरलंय. माझे कान तापले. रामू, मला माफ कर, असं मी मनात म्हटलं आणि तात्यांकडे पाहिलं. आता ते हात खाली घेतील, मग मी बिगुल उतरवीन, मग तो स्पीकर लागेल.

तात्यांनी हात खाली घेतला नाही. नजर समोर, पंजा कपाळाशी, आणि काठी अजून भिंतीलाच. जगदीशही तसाच. दोघेही हललेच नाहीत. मी अडलो होतो, ते मनातल्या मनात पुढे चालले होते. सगळ्या नोकरीभर ऐकलेली धून होती ती. तिला आता माझी गरज नव्हती.

मग मी ओठ सैल सोडला. बिगुल तोंडालाच ठेवला आणि हळूच श्वास सोडत राहिलो. जिथे सूर लांबवायचा तिथे लांबवला, जिथे दम घ्यायचा तिथे घेतला. पितळेतून माझ्या श्वासाचा आवाज येत होता, तो माझ्याखेरीज कोणाला ऐकू जाण्यासारखा नव्हता. बाहेर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. पलीकडे कोणी लाकडं टाकत होतं. मी काही गाळलं नाही, घाई केली नाही. शेवटचा सूर जितका धरायचा तितका धरला आणि बिगुल खाली घेतला.

त्याच क्षणी तात्यांचा हात खाली आला आणि जगदीशचाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नव्हतं, हुकूमही कोणी दिला नव्हता.

मेघना पेटता पलिता हातात घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"काका, झालं?"

"झालं," मी म्हटलं. "पूर्ण झालं."

तिने मान हलवली आणि ती चितेकडे वळली.